मूठभर धान्य आणि ऐंशी जागा

१९८५-८६ साली केंद्र सरकारने प्रयोग म्हणून देशात दोन निवासी शाळा उघडल्या. एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरी अमरावतीला. खेड्यातली हुशार मुलं परीक्षा घेऊन निवडायची आणि राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं हा सगळा खर्च सरकारने उचलून त्यांना शिकवायचं, अशी ती कल्पना होती. पुढच्याच वर्षी नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि नवोदय विद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात उघडू लागली. एकट्या तामिळनाडूने ती घेतली नाहीत. वऱ्हाडात आजही एखाद्या कास्तकाराच्या घरी ‘पोट्टं नवोदयला लागलं’ एवढं सांगितलं, की बाकी काही विचारावं लागत नाही.

या योजनेमागचे मंत्री पी. व्ही. नरसिंह राव. १९८५ च्या सप्टेंबरात मनुष्यबळ विकास खातं त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते विदर्भातल्याच रामटेकचे खासदार होते. मराठी त्यांना अस्खलित येत असे; हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनी तेलुगूत नेली होती. त्याआधी आंध्रात असताना, १९७१ मध्ये, नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल या गावी गरीब घरच्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. नवोदयचं बी तिथलं.

हुशार मूल हेरून त्याला पुढे न्यायची खटपट वऱ्हाडात मात्र नवोदयच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. तिची सुरुवात परीक्षेपासून झाली नव्हती.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६६ मध्ये प्रांताचं स्वतंत्र शिक्षण खातं उभं राहिलं. त्याच सुमारास मुंबईहून नागपूरकडे निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून पुढे सरकत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले होते आणि अमरावतीच्या कापूसबाजाराचं नाव थेट लँकेशायरपर्यंत पोचलं होतं. एवढ्या पैशाच्या प्रांतात सरकारी हायस्कुलं किती, तर दोन. एक अकोल्याला आणि एक अमरावतीला. कॉलेज एकही नाही. नागपूरला मॉरिस कॉलेज निघालं ते १८८५ मध्ये. वऱ्हाडाला स्वतःचं कॉलेज मिळायला १९२३ साल उजाडलं. तेव्हा अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था ती हीच.

म्हणजे साठ वर्षं निवड करत होतं ते अंतर. दर्यापूरच्या किंवा तेल्हाऱ्याच्या एखाद्या मुलाचं डोकं कितीही चालत असो, अकोल्यात किंवा अमरावतीत कोणी नातेवाईक असेल, ओसरीवर पथारी टाकायला जागा देईल आणि दोन वेळा जेवू घालील, तरच त्याचं हायस्कूल व्हायचं. त्यापुढे नागपूर, पुणे किंवा मुंबई. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वकील होऊन अमरावतीत आले. त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते, म्हणून ते जमलं. अकोल्याच्या हायस्कुलाला विष्णू मोरेश्वर महाजनींसारखे हेडमास्तर लाभले. शेक्सपियरचं ‘सिंबेलाइन’ त्यांनी ‘तारा’ या नावाने मराठी रंगभूमीसाठी रूपांतरित केलं होतं. असा माणूस शिकवायला असणं ही त्या काळच्या मुलांसाठी केवढी मोठी गोष्ट! पण त्या वर्गात पोचणारी मुलं पांढरपेशा, नोकरदार, जमीनदार घरांतली असत. वावरात राबणाऱ्याचं पोर तिथवर क्वचितच पोचे.

जे थोडे पोचले त्यांत पंजाबराव देशमुख होते. १८९८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या शिक्षणाचा रस्ता नकाशावर काढून पाहावा. आधी पापळची शाळा, मग चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल, मग पुण्याचं फर्ग्युसन. प्रत्येक टप्प्यावर नवं गाव, नवी खाणावळ, नवा आसरा. १९२० मध्ये ते विलायतेला निघाले तेव्हा वडील शामरावांनी शेतीवर कर्ज काढलं. एडिंबरोत व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली, पुढे ऑक्सफर्डमध्ये वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरीही केली. १९२६ मध्ये ते परतले.

परतल्यावर लगेच त्यांनी अमरावतीत वसतिगृह काढलं आणि नाव दिलं श्रद्धानंद छात्रालय. आर्यसमाजी संन्यासी स्वामी श्रद्धानंद यांचा खून १९२६ च्या डिसेंबरात झाला होता, त्याच दिवसांतली ही गोष्ट. छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये याच शहरात सत्याग्रह झाला आणि त्याचे पुढारी पंजाबरावच होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पंगतीचं मोल कळतं.

छात्रालय चाललं ते मुष्टिफंडावर. घरातली बाई दळणासाठी धान्य काढायची तेव्हा एक मूठ बाजूला ठेवलेल्या गाडग्यात टाकायची. गाडगं भरलं की कार्यकर्ते येऊन ते पोत्यात रिकामं करून न्यायचे. देणाऱ्या घराला त्या एका मुठीची झळ बसत नाही, पण शंभर घरं मिळून काही मुलांचं वर्षभराचं जेवण निघतं. पावती नाही, देणगीदारांच्या नावांची पाटी नाही. ज्या आयाबायांच्या घरातून ते धान्य गेलं त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. वऱ्हाडच्या शिक्षणाच्या इतिहासात या बायकांचं नाव कुठेच नाही, आणि ते असायला हवं होतं.

इथे प्रवेशासाठी बुद्धीची परीक्षा नव्हती, ही खरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. मूल शिकायला तयार आहे आणि शहरात त्याला थारा नाही, एवढं पुरे. आधी आसरा, हुशारी मागाहून आपोआप दिसेल, असा हा हिशेब होता. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली, अमरावतीपाठोपाठ १९५४ मध्ये अकोल्यातही तिचं कॉलेज निघालं आणि पापळ ते फर्ग्युसन हा रस्ता पुढच्या पिढ्यांसाठी पुष्कळ आखूड झाला. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनांतून हेच सांगत गावोगाव फिरत होते: पोटाला चिमटा घ्या, पण पोराला शाळेत घाला.

याच काळात जगात दुसरा एक विचार मूळ धरत होता. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली चाचणी तयार केली. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी तिच्या आधारे १९२१ पासून हजारावर हुशार मुलांचा पाठपुरावा सुरू केला. आपल्याकडे धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली आणि १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बुद्धीला आकडा मिळाला. वऱ्हाडात हा विचार पोचला तो मात्र पुस्तकातून नव्हे, सरकारी परीक्षेतून.

मुंबई राज्यात १९५४-५५ पासून चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि ‘स्कॉलरशिप’ हा शब्द खेड्यातल्या घराघरात पोचला. गुरुजी शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर जादा तास घेत. भाषा आणि गणित ठीक, पण ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषयच अजब वाटायचा: आरशात घड्याळ पाहिलं तर किती वाजले दिसतील, मालिकेत चुकलेलं पद कोणतं, एका फोटोकडे बोट दाखवून बोलणाऱ्या माणसाचं त्या फोटोतल्या माणसाशी नातं काय. ज्याला वर्गात कोणी फारसं विचारत नसे असं एखादं पोर या प्रश्नांवर पटापट बोलू लागायचं आणि गुरुजींचं त्याच्याकडे लक्ष जायचं. शिष्यवृत्तीची रक्कम किरकोळच होती. शिक्षकाचं लक्ष जाणं, हा त्या परीक्षेचा मोठा लाभ.

साठच्या दशकात राज्याने एक पाऊल पुढे टाकलं. पुण्यात आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली होती, ती शहरातल्या निवडक बुद्धिमान मुलांसाठी. खेड्यातल्या अशा मुलांचं काय, या प्रश्नाला सरकारचं उत्तर होतं शासकीय विद्यानिकेतन. शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी यांचं नाव या शाळांशी कायमचं जोडलेलं आहे. साताऱ्याकडे पुसेगाव, खानदेशात धुळे, मराठवाड्यात औरंगाबाद, विदर्भात अमरावती आणि यवतमाळातलं केळापूर. चौथीनंतर परीक्षेतून निवड, पाचवीपासून शाळेतच मुक्काम. वऱ्हाडातल्या खेड्यातलं दहा वर्षांचं मूल ट्रंक घेऊन अमरावतीच्या एस. टी. स्टँडवर उतरे आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर घरी परतत नसे. छात्रालयाचा आसरा आणि शिष्यवृत्तीची परीक्षा इथे पहिल्यांदा एकत्र आली. क्रम तेवढा उलटा झाला: आता आधी परीक्षा, मग आसरा.

नवोदयने तोच क्रम देशभर नेला. खेड्यातल्या मुलांना किमान पंचाहत्तर टक्के जागा, मुलींना किमान एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकणं, आणि नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवणं. अकोला जिल्ह्यातलं विद्यालय पातूर तालुक्यात बाभुळगावला आहे. एका विद्यालयात दरवर्षी सहावीला साधारण ऐंशी मुलं घेतली जातात. अकोल्याचे सात तालुके, अमरावतीचे चौदा; आणि दोन्हीकडे जागा ऐंशीच.

या ऐंशींचं नवोदयने सोनं केलं, यात वाद नाही. ज्या घरात कोणी मॅट्रिक झालं नव्हतं तिथली मुलं डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी झाली. पण त्याची किंमत गावच्या शाळेने मोजली. पाचवीतली सगळ्यांत चलाख दोन-तीन मुलं निघून गेली की वर्गाची चुरस जाते. ज्या गुरुजींनी वर्षभर तयारी करून घेतली, त्यांच्या हाती उरते ती निकालाच्या दिवशीची पेढ्यांची वाटी. आणि जे पोर दोन गुणांनी हुकलं त्याचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवायची पद्धत कुठेच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिलेल्या या मुलांसाठी आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा २००८ पासून आहे. गरजू घरांना तिचा आधार मोठा आहे. पण पाचवी ते आठवी हा मधला पट्टा बराचसा मोकळाच राहिला.

शिक्षण हक्क कायदा आला, पाचवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपर्यंत उच्च प्राथमिक अशी विभागणी झाली आणि तिला जुळवून घेत २०१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला गेली. कागदावर ते बरोबरच दिसत होतं. वस्तुस्थिती अशी की खेड्यातल्या असंख्य जिल्हा परिषद शाळा चौथीलाच संपतात. तिथल्या गुरुजींच्या हातातून परीक्षाच निसटली. जादा तास कोणासाठी घ्यायचे? २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय घेतला. रक्कमही आता पूर्वीच्या मानाने भरघोस वाढली आहे. निर्णय चांगला आहे, पण मधल्या वर्षांत ज्यांचा चौथीचा वर्ग होऊन गेला त्यांच्या वाट्याला तो आला नाही.

अंतराचा जुना प्रश्न अजून सगळ्यांत ठळक दिसतो तो मेळघाटात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. आश्रमशाळा आहेत, चिखलदऱ्याला एकलव्य निवासी शाळा आहे, म्हणजे आसऱ्याची सोय बऱ्यापैकी झाली. परीक्षा मात्र मराठीतून, हिंदीतून, उर्दूतून देता येते, कोरकूतून नाही. नवोदयची प्रश्नपत्रिका शंभर गुणांची असते. त्यातले पन्नास गुण निव्वळ आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशातली निवडा. जंगलातल्या पायवाटा आणि झाडं-पाखरं बारकाईने ओळखणाऱ्या मुलाला इथे भाषेची अडचण फारशी येऊ नये. पंचवीस गुण अंकगणिताचे आणि पंचवीस भाषेचे. त्यातलं गणितही शब्दांत गुंडाळलेलं असतं, आणि कोरकू मूल मागे पडतं ते तिथे. पहिली-दुसरीला त्याच्याशी कोरकूत बोलणारा शिक्षक मिळावा, सूचना त्याच्या भाषेत समजावून देता याव्यात आणि आकृत्यांच्या भागात चांगले गुण पडलेल्या मुलांची वेगळी यादी करून त्यांना मराठीसाठी वर्षभर जादा तास द्यावेत; हे काम नव्या योजनेची वाट न पाहता दोन तालुक्यांतल्या शाळांमध्ये याच जूनपासून सुरू करता येईल.