माशीचे नाक आणि वेरोनिकाबाई

देवनारला नवखा पाहुणा आला की आधी नाकाला रुमाल लावतो. इथले डंपिंग 1927 पासूनचे. घरचा माणूस मात्र त्याच वाऱ्यात बसून निवांत चहा पितो. त्याचे नाक बिघडलेले नसते. चुलीवर दूध करपले तर तोच आधी उठतो. गोठ्याशेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच. मग नेहमीचा वास जातो कुठे? कशाकडे लक्ष द्यायचे आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे मेंदू कसे ठरवतो?

डोळ्यांच्या बाबतीत या प्रश्नावर पुष्कळ काम झाले आहे. नाकाच्या बाबतीत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एक नाव आपल्या गोव्याकडचे आहे: वेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म 1953 चा, केनियातला. युगांडात मकेरेरे विद्यापीठात शिकायला गेल्या, तर तिथे ईदी अमीनची राजवट. शिक्षण मध्येच सोडून डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज गाठावे लागले. तिथे असताना मुंबईच्या ओबेद सिद्दिकींचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी सरळ पत्र लिहिले. सिद्दिकींनी 1962 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले होते. त्यांनी बोलावले, आणि 1977 च्या सुमारास बाई मुंबईत आल्या.

अभ्यासाचा प्राणी कोणता? पिकल्या केळ्यावर घोंघावणारे चिलट! आता कोणी म्हणेल, चिलटाच्या नाकावर पैसा कशाला? पण चिलटाची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, त्यामुळे आनुवंशिक दोष शोधणे सोपे जाते. साखरेला किंवा कोयनेलच्या कडूपणाला नीट न ओळखणारी, ठराविक वासच न येणारी चिलटे गुरुशिष्यांनी हुडकून काढली. तो निबंध 1978 मध्ये आपल्याच इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. मला याचे विशेष वाटते.

पुढे बाई जर्मनीत ट्युबिंगेनला गेल्या. माशीला हालचाल कशी दिसते याच्या अभ्यासासाठी तिथली माक्स प्लांक संस्था प्रसिद्ध होती. तिथे बुखनर यांच्यासह त्यांनी चिलटाला किरणोत्सारी खूण केलेले, साखरेसारखे एक द्रव्य दिले. मेंदूतल्या ज्या पेशी कामाला लागतात, त्या ते जास्त शोषतात. निरनिराळ्या वासांनी मेंदूतल्या निरनिराळ्या गाठी जाग्या झालेल्या दिसल्या. म्हणजे वासाचाही एक नकाशा असतो! हे 1984 चे काम.

मग त्या कुलाब्याला परतल्या, आणि नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या. कर्करोग झाला तरी काम चालूच होते. 10 नोव्हेंबर 2010 रोजी त्या वारल्या.

देवनारच्या चहावाल्याचे कोडे राहिलेच. चिलटाला एकच वास बराच काळ दिला, की ते त्याला टाळेनासे होते. नाक थकते म्हणून नव्हे. मेंदूतल्या काही पेशींचे काम दुसऱ्यांना ‘गप्प राहा’ सांगण्याचे असते; त्या वासापुरता त्यांचा आवाज चढतो आणि निरोप पुढे जातच नाही. हा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधावर बाईंचे नाव आहे, आणि त्यांच्याबरोबर मणी रामस्वामी यांचे. रामस्वामींची प्रयोगशाळा डब्लिनला, त्याच ट्रिनिटी कॉलेजात आहे.