‘होमस्टेड’ : एका स्थिर आवृत्तीची पूर्वपीठिका

संगणकाच्या आज्ञावलीस ‘स्थिर’ हे विशेषण लावतात, तेव्हा तीत पुढे बदल होणार नाही असा अर्थ अभिप्रेत नसतो. तिच्यावर विसंबून राहण्यास हरकत नाही, एवढेच निर्मात्यांना सुचवावयाचे असते. सामान्य मुक्तस्रोत आज्ञावलीत हे आश्वासन फारसे जड नाही. दोष आढळल्यास नवी आवृत्ती निघते, आणि ज्याला ती नको असेल तो जुनीच वापरीत राहतो. ब्लॉकचेनची गोष्ट वेगळी आहे. तेथे हजारो संगणक एकच नोंदवही राखतात व प्रत्येक नोंद एकाच नियमाने तपासतात. नियम बदलावयाचा तर सर्वांनी एकाच क्षणी बदलावा लागतो. नाही तर वहीच दुभंगते. म्हणूनच जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या मूळ आज्ञावलीचा आवृत्तिक्रमांक अनेक वर्षे शून्याच्या पुढे गेला नाही. 2021 मध्ये 0.21 नंतर एकदम 22.0 हा क्रमांक आला, ‘1.0’ असा टप्पा तिच्या इतिहासात नाहीच. याउलट इथिरियमच्या निर्मात्यांनी 2016 मध्ये स्थिरतेची स्पष्ट घोषणा केली. त्या घोषणेपूर्वी कोणती सिद्धता झाली आणि तिचे मोल काय ठरले, हे पाहणे उद्बोधक आहे.

इथिरियमची कल्पना व्हिटालिक ब्युटेरिन यांनी 2013 च्या अखेरीस एका निबंधात मांडली. एप्रिल 2014 मध्ये गॅव्हिन वुड यांनी तिला गणिती परिभाषेत बांधले. हा ग्रंथ ‘यलो पेपर’ या नावाने ओळखला जातो. 22 जुलै ते 2 सप्टेंबर 2014 या 42 दिवसांत भावी चलनाची, म्हणजे ईथरची, आगाऊ विक्री करून 31 हजारांहून अधिक बिटकॉइन जमविण्यात आले. यानंतरचा निर्णय महत्त्वाचा होता. एकाच शास्त्राधारे गो, सी-प्लस-प्लस व पायथन अशा निरनिराळ्या संगणकभाषांत स्वतंत्र रचना उभ्या करण्यात आल्या. एकीतील दोष दुसरीच्या तुलनेने उघडा पडावा, हा त्यामागील हेतू. परंतु एकाच सूत्राचे दोन भाष्यकार एखाद्या स्थळी भिन्न अर्थ लावतात, तसे येथेही संभवते. आणि येथे अर्थभेदाचे पर्यवसान नोंदवही दुभंगण्यात होते. म्हणून सर्व रचनांना समान अशा कसोट्यांचा संच तयार करण्यात आला.

मे 2015 मध्ये ‘ऑलिंपिक’ नावाचे चाचणीजाल सुरू झाले. लोकांनी त्याच्यावर हवा तेवढा ताण द्यावा म्हणून एकूण 25,000 ईथरचे पारितोषिक ठेवले होते. त्यानंतर 30 जुलै 2015 रोजी ‘फ्रंटियर’ हे पहिले प्रत्यक्ष जाल अवतरले. त्याच्या आरंभखंडात ऑलिंपिकच्या 10,28,201 क्रमांकाच्या खंडाची मुद्रा गुंफलेली होती. तो खंड निर्माण होईपर्यंत ही मुद्रा कोणासही ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि ती मिळाल्यावर आरंभखंड ज्याचा त्याने स्वतःच सिद्ध करावयाचा होता. सावधगिरी इतकी की, प्रत्येक खंडाची ‘गॅस’मर्यादा प्रारंभी 5,000 ठेवली होती. साध्या हस्तांतरासही 21,000 गॅस लागत असल्यामुळे खनिकांना यंत्रे चालविता येत, पण व्यवहार करणे कोणासही शक्य नव्हते. शिवाय ‘कॅनरी’ नावाचे चार करार निर्मात्यांच्या हाती होते. त्यांपैकी दोहोंनी संकटाची खूण केल्यास खननयंत्रे थांबावयाची. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून नेल्या जाणाऱ्या पक्ष्यावरून हे नाव पडले. भीती अनाठायी नव्हती. ऑगस्ट 2015 मध्येच गो रचनेत एकवाक्यतेस बाध आणणारा दोष आढळला व तो तातडीने दूर करावा लागला.

या अनुभवातून ‘होमस्टेड’ घडले. 1862 च्या अमेरिकन कायद्याने सीमाप्रदेशात पाच वर्षे वसती करून जमीन कसणाऱ्यास तिची मालकी मिळे. अशा वसतीचे हे नाव. सीमेनंतर वसती, हा क्रम नामकरणातच सूचित आहे. नियमांतील बदल मोजकेच होते. व्यवहाराद्वारे करार निर्माण करण्याचा खर्च 21,000 वरून 53,000 गॅसवर नेण्यात आला. अर्धवट खर्चात रिकामा करार उत्पन्न होण्याऐवजी निर्मिती सर्वस्वी निष्फळ ठरावी असे ठरले. खननाची काठिण्यपातळी ठरविण्याची रीत सुधारली. भावी आवृत्त्यांचे अपरिचित संदेश जुन्या रचनांनी नाकारू नयेत, अशीही तरतूद झाली. स्थिरतेच्या घोषणेतच पुढील परिवर्तनाला वाट ठेवली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कॅनरी करार मात्र काढून टाकण्यात आले. बदलाचा मुहूर्त दिनांकाने नव्हे, तर खंडक्रमांकाने ठरला : 11,50,000. तो खंड 14 मार्च 2016 रोजी आला.

तीनच महिन्यांनी, 17 जून 2016 रोजी, ‘द डाओ’ या सामुदायिक निधीच्या करारातील उणिवेचा लाभ घेऊन एका अज्ञाताने सुमारे 36 लक्ष ईथर वळविले. इथिरियमचे नियम निर्दोषपणे पाळले गेले होते. दोष त्यांच्या आधारे लिहिलेल्या करारात होता. तरीही 20 जुलै रोजी, 19,20,000 व्या खंडापासून, बहुसंख्यांनी नियमात अपवाद करून तो निधी परत मिळविण्याची सोय केली. ज्यांना हा हस्तक्षेप अमान्य होता त्यांनी जुनीच वही पुढे चालविली. तीच ‘इथिरियम क्लासिक’.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा वाद अपरिचित वाटणार नाही. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन येथे एका पक्षाने आचरणात आणले, तर दुसऱ्याने शास्त्र कवटाळले. आणि दोघांच्याही वह्या आपापल्या परीने सुसंगत राहिल्या. ऑलिंपिकचा ताण, कॅनरींची खूण, समान कसोट्या यांनी एका प्रश्नाचे उत्तर सिद्ध केले होते : निरनिराळी यंत्रे एकच नियम एकाच रीतीने पाळतील काय? नियम पाळूनही अन्याय झाला असे बहुसंख्यांना वाटल्यास काय करावे, हा प्रश्न कोणत्याही चाचणीजालावर विचारला गेला नव्हता. किंबहुना तो यंत्रांचा नव्हताच. होमस्टेडची स्थिरता फोल ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती यंत्रांपुरती खरी होती. यंत्रे चालविणाऱ्या समाजात कोणाचा शब्द अखेरचा, याचा निर्णय मात्र घोषणेच्या वेळी झालेला नव्हता. तो जुलै 2016 मध्ये झाला, आणि तोही दोन प्रकारे.