अक्षरें जुळविणारे हात

मुद्रणकलेचा इतिहास बहुधा ग्रंथांचा व ग्रंथकारांचा म्हणून लिहिला जातो. ज्यांच्या बोटांनीं अक्षरें जुळविलीं त्यांच्या शरीराचें काय झालें, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाहीं. वास्तविक तो फार जुना आहे. व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिणारा इटालियन वैद्य रामात्सिनी यानें १७१३ सालच्या आवृत्तींत मुद्रकांच्या विकारांचाहि विचार केला होता.

छापखान्याचे खिळे शिसें, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे असत. त्यांत शिशाचा भाग सर्वांत मोठा. बेंजामिन फ्रँक्लिन १७२४ च्या सुमारास लंडनच्या छापखान्यांत काम करीत असतां, धुतलेल्या खिळ्यांची केस विस्तवापुढें वाळविण्याची तेथील रीत त्यास सोयीची वाटली. थंडींत ऊन खिळ्यांनीं हातहि शेकले जात. परंतु एका वृद्ध कामगारानें त्यास बजाविलें कीं, याच सुखापायीं दोघां सोबत्यांचे हात जवळजवळ निकामी झाले आहेत. फ्रँक्लिनचा हातहि आंतून दुखूं लागला होता. त्यानें ती रीत सोडली. खिळे ओतणाऱ्या एका कारागिराचें मत मात्र निराळें होतें: दोष वाफेचा नव्हे, हात न धुतां जेवणाऱ्या गबाळ्या कामगारांचा! ही हकीकत फ्रँक्लिननें १७८६ सालीं एका पत्रांत लिहिली, आणि उपयुक्त सत्य कळल्यावर तें आचरणांत येण्यास किती काळ लोटतो, याची खंत व्यक्त केली.

ती खंत अनाठायीं नव्हती. आणखी १३१ वर्षांनीं, १९१७ सालीं, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना अमेरिकेंतील छापखान्यांची पाहणी करून शिशाच्या विषबाधेविषयीं पुनः लिहावें लागलें. आपल्याकडेहि जावजी दादाजींच्या निर्णयसागरी टाइपाचें सौंदर्य आपण वाखाणतों. तो टाइप रोज हाताळणारे खिळेजुळारी त्या स्तुतींत कोठें दिसत नाहींत.

आतां शिशाचे खिळे बहुतेक गेले. विष मात्र रूप पालटून राहिलें. १९३९ सालीं न्यूयॉर्कमधील चित्रमुद्रणाच्या कारखान्यांत शाई पातळ करणाऱ्या बेंझीनची विषबाधा कामगारांत आढळली. २०१२ सालीं जपानांतील ओसाका येथील एका छापखान्याची गोष्ट उघडकीस आली. तेथें यंत्रावरील शाई पुसण्यास डायक्लोरोप्रोपेन नांवाचा द्रव वापरीत. खोलींत हवा खेळती नव्हती. तेथील किमान १७ कामगारांना पित्तनलिकेचा दुर्मिळ कर्करोग झाला. तोंवर त्या द्रवावर तेथील कायद्याचे विशेष निर्बंध नव्हते. २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें तो कर्करोगकारक ठरविला.

येथें त्या जुन्या कारागिराचा युक्तिवाद निरुत्तर होतो. हात धुतां येतात. श्वास घेणें थांबवितां येत नाहीं. कामगारानें स्वच्छ राहावें हें खरेंच. पण खोलीला खिडकी असावी कीं नसावी, डब्यांत कोणता द्रव भरावा, हें तो ठरवीत नसतो. ज्यानें तें ठरविलें, त्याच्याच माथीं त्याची जबाबदारी असली पाहिजे. छापील पान वाचणाऱ्या आपणांवरहि या हातांचें कांहीं ऋण आहे; तें फेडण्याचा आरंभ निदान त्यांचा इतिहास लिहिण्यापासून करावा.