कल्हईपासून स्टीलच्या तव्यापर्यंत

वसईच्या बाजारात बोंबील तळायला स्टीलचा तवा घ्यायला जा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवील. चिकटला नाही, म्हणजे माल अस्सल! ही परीक्षा अर्धवट आहे. का, ते इतिहास सांगतो.

आपल्या आजीची भांडी पितळेची. कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची, तांब्याचा अंश पोटात जायचा. म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की घरोघर लगबग. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. पुढे भांड्यांसाठी १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल हे प्रमाण रूढ झाले. हे पोलाद चुंबकाला फारशी दाद देत नाही. पण १९५०च्या सुमारास निकेलची टंचाई पडली, आणि अमेरिकेत निकेल कमी करून मँगनीज घातलेले स्वस्त पोलाद पुढे आले. तेही चुंबकाला चिकटत नाही! मिठाने, आंबटाने मात्र लवकर डागाळते. तेव्हा ‘३०४’ हा आकडा पाहा, पावतीवर लिहून घ्या.

बूडही पाहा. नुसत्या स्टीलमध्ये आच नीट पसरत नाही, मासा मध्येच करपतो. बुडात ॲल्युमिनियमचा थर हवा. इंडक्शनच्या शेगडीचा तवा मात्र तळाशी चुंबकाला चिकटणारच. तो नकली म्हणून परत करू नका.