दीपन कालमापन : गोदावरीचा पुराश्मयुगीन गाळ

गाळातील खनिजकणांवर शेवटचे ऊन केव्हा पडले हे मोजून थराचे वय काढण्याची पद्धती. नाशिकजवळ गोदावरीकाठी गंगापूर (गंगावाडी) येथे वाळूगोट्यांच्या थरांत अश्युलियन हातकुऱ्हाडी मिळाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांचा त्यांवरील ग्रंथ 1952 चा. कार्बन-14 ची धाव सुमारे 50 हजार वर्षांची, त्यामुळे अशी हत्यारे तिच्या आवाक्याबाहेर राहतात.

कण उघड्यावर असताना सूर्यप्रकाश त्यांतील साठलेली ऊर्जा पुसून टाकतो. गाडले गेल्यावर युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा किरणोत्सर्ग आणि वैश्विक किरण यांमुळे इलेक्ट्रॉन स्फटिकदोषांत अडकू लागतात. प्रयोगशाळेत उष्णता दिली (तप्तदीपन) किंवा प्रकाश टाकला की ते सुटतात व कण क्षीण उजळतात. त्या उजेडावरून ठरलेल्या एकूण मात्रेला (एकक ग्रे) वार्षिक मात्रेने भागले की वय मिळते. प्रकाशाने उद्दीपन करण्याची रीत हंटली व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडली. नमुना धातूची नळी थरात ठोकून घेतात आणि मंद लाल उजेडातच उघडतात. गाळातला ओलावाही मोजावा लागतो, कारण पाणी किरणोत्सर्ग शोषते.

नाशिक परिसरात खरी अडचण खडकाची आहे. त्र्यंबकेश्वरपासून नदी बेसॉल्टच कापत येते आणि बेसॉल्टमध्ये मूळचा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. मिळतो तो पोकळ्यांत साचलेल्या अकीक-गारगोटीचा किंवा वाऱ्याने आलेल्या धुळीचा. त्यांपैकी पहिल्याचा संकेत बऱ्याचदा मंद असतो. फेल्डस्पार मुबलक, पण ज्वालामुखीजन्य फेल्डस्पारचा संकेत काळाबरोबर आपोआप गळतो आणि वय खरे असते त्याहून कमी येते. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत वरचे कण खाली पडतात, तो घोळ वेगळाच. एक बाब मात्र अनुकूल : बेसॉल्टचा किरणोत्सर्ग ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी, म्हणून कण सावकाश भरतात. एरवी क्वार्ट्झची लाखभर वर्षांच्या आसपास येणारी मर्यादा येथे लांबू शकते.

पर्यायी साधनेही वादातीत नाहीत. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी येथील ज्वालामुखी राख काहींच्या मते 75 हजार वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची, तर काहींच्या मते सात-आठ लाख वर्षांची आहे. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे मात्र फेल्डस्पारच्या अवरक्त दीपनाने मध्य पुराश्मयुगीन थर 3 लाख 85 हजार ते 1 लाख 72 हजार वर्षांपूर्वीचे ठरले (2018). तो प्रदेश बेसॉल्टचा नाही.