साष्टीच्या खाडीवरचे धर्मयुद्ध

साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरील आजचा मीरा-भाईंदरचा प्रदेश 23 डिसेंबर 1534 रोजी झालेल्या वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, आणि या सत्तांतराची कारणे शोधताना अभ्यासकाला क्रुसेडपर्यंत, म्हणजे पोप दुसरा अर्बन याने 1095 मध्ये पुकारलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धापर्यंत, मागे जावे लागते. त्या युद्धात श्रद्धा खरी होती. मात्र सेल्जुक तुर्कांपुढे हतबल झालेल्या बायझंटाईन सम्राटाची मदतीची याचना, सरदारांची महत्त्वाकांक्षा आणि इटालियन बंदरांचा व्यापारी स्वार्थ यांवाचून ते दोन शतके चालले नसते.

पोर्तुगालने हा वारसा समुद्रावर आणला. 1415 मध्ये त्याने मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउटा जिंकले, आणि 1455 मध्ये पोप पाचवा निकोलस याने ‘बुल’ म्हणजे अधिकृत धर्माज्ञा काढून मुसलमानांविरुद्धच्या युद्धाला व नव्या सागरी प्रदेशांतील मक्तेदारीला एकाच वेळी मान्यता दिली. मसाल्याचा माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला जाई व त्यावरील जकातीवर तेथील मामलुक सुलतानांचा खजिना भरे, आणि पोर्तुगीज हाच व्यापार अडवू लागले, म्हणून मामलुकांच्या आरमाराने गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या साथीने 1508 मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगिजांना हरवले. त्या लढाईत पडलेल्या लोरेन्सोचा सूड त्याचा पिता, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याने पुढच्याच वर्षी दीव येथे घेतला. दीवच्या लढाईत मामलुकांच्या बाजूने कालिकतचा हिंदू सामुरी, म्हणजे तेथील राजा, हाही होता, ही बाब केवळ धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

वसईच्या तहाची कलमे तर फारच बोलकी आहेत. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहून निघावे, परतताना तेथेच जकात भरावी, पोर्तुगीज परवान्यावाचून अन्यत्र जाऊ नये, आणि सुलतानाने ‘रूमी’ म्हणजे तुर्कांना साहाय्य करू नये, असे त्यांत ठरले. सुलतान बहादूरशहाने हे मान्य केले ते कोणा ख्रिस्ती सैन्याला भिऊन नव्हे, तर मुसलमान असलेल्या मोगल बादशहा हुमायूनचे संकट दाराशी येऊन ठेपल्यामुळे. म्हणूनच साष्टीच्या बाबतीत धर्माने युद्धाला परवाना दिला, पण त्याचे कारण जकात आणि राज्यरक्षण हेच होते, असे म्हणणे भाग आहे. दोनशे वर्षांनी, 1737 ते 1739 च्या मोहिमेत, मराठ्यांनी ही सत्ता उलथून टाकली. मीरा-भाईंदरमधील उत्तनच्या किनाऱ्यावरचे कोळी मात्र आजही बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत.