श्येनाची फिर्याद

शिबिराजाची कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते, आणि ती ऐकताना आपले लक्ष राजाच्या आश्रयास आलेल्या कपोताकडे असते. श्येनाकडे पाहण्याचे कोणास सुचत नाही. वस्तुतः महाभारताच्या वनपर्वातील संवाद नीट वाचला (तेथे राजा उशीनर आहे, शिबी हा त्याचा पुत्र) तर श्येन तेथे नुसता मारेकरी म्हणून येत नाही, फिर्यादी म्हणून येतो. आपले विहित अन्न राजाने अडवून धरले आहे, आपण उपाशी मेलो तर आपली बायकामुलेही मरतील, आणि एका जीवासाठी अनेकांचा जीव घेणारा धर्म हा धर्म कसा, असा त्याचा बिनतोड सवाल आहे. राजाला त्याचे खंडन करता येत नाही. तो आपले मांस तोलून देतो, म्हणजे फिर्याद मान्यच करतो. पुढे आमच्या कायदेपंडितांनी मात्र ही फिर्याद फार काळ दफ्तरी दाखल करून ठेवली. तिचा थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

रायपुरात बसून हा विषय सुचणे स्वाभाविक आहे. येथून धमतरीवरून जगदलपूरची वाट धरली की केशकालचा घाट चढून आपण बस्तरात जातो, आणि या मुलखास दंडकारण्य म्हणण्याची परंपरा इतकी दृढ आहे की १९५८ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी केंद्र सरकारने जी योजना आखली तिलाही तेच नाव मिळाले. दंडकारण्य म्हटले की जटायू आलाच. तो नेमका कोठे पडला याविषयी इगतपुरीजवळचे टाकेदवाले, आंध्रातील लेपाक्षीवाले आणि केरळवाले यांचा वाद आहे. तो मिटविण्याची आम्हांस हौस नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या गिधाडाचे और्ध्वदेहिक प्रत्यक्ष रामाने केले त्याच्या जातीला या देशाच्या कायद्यात नाव मिळण्यास विसावे शतक बरेच उलटावे लागले.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणी पशुपक्ष्यांच्या वधाबद्दल दंड सांगितले आहेत. ज्यांना मारण्याची वहिवाट नाही असे मासे व पक्षी मारल्यास पावणेसत्तावीस पण, मृगपशू मारल्यास त्याच्या दुप्पट. आकडा इतका नेमका आहे की हिशेबनिसाचे मन प्रसन्न व्हावे. पुढे रक्षणीय पक्ष्यांची यादी येते. हंस, चक्रवाक, चकोर, मोर, पोपट, मैना असे विहाराचे आणि मांगल्याचे पक्षी तीत आहेत. त्यांच्याच पंक्तीत ‘उत्क्रोश’ हे एक नाव आहे, आणि काही पंडित त्याचा अर्थ मासे धरणारा शिकारी पक्षी असा करतात. तो अर्थ खरा मानला तरी शिकारी पक्ष्यांच्या वाट्यास आलेले ते एकुलते एक आसन होय. घार, गिधाड, घुबड यांना ना विहारात स्थान, ना मांगल्यात.

मराठी राज्यकर्त्यांनी या बाबतीत काही निराळे केले असे नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली रतनपुरावर आल्या, १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, आणि १७८७ मध्ये ते वारल्यावर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. महसुलाचा बंदोबस्त हीच त्या राजवटीची मुख्य चिंता होती. दरबारी माणसांना बाज आणि बहिरी ससाणा ठाऊक होते ते शौकाचे पक्षी म्हणून. कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने तर श्येनपालनावर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथच लिहिला. हातावर बसणाऱ्या ससाण्याची किंमत होती, आकाशातल्या ससाण्याची नव्हती.

इंग्रजांनी पक्ष्यांसाठी पहिला अखिल भारतीय कायदा केला तो १८८७ साली. त्याचा रोख नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत विणीच्या हंगामात होणाऱ्या विक्रीवर होता. १९१२ चा आठवा कायदा त्याहून व्यापक. पण त्याचे परिशिष्ट उघडून पाहावे: माळढोक, बदके, रानकोंबड्या, तित्तिर, मोर, लावे, पारवे, पुढे बगळे, नीळकंठ, खंड्या. पहिला वर्ग बंदुकवाल्यांच्या आवडीचा. दुसऱ्या वर्गातल्या पक्ष्यांची पिसे विलायतेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी जात, म्हणून त्यांचा समावेश. शिकारी पक्षी एकही नाही. याचे कारण विलायतेतील जमीनदारांच्या रानांत सापडते. तेथे तित्तिर राखण्यासाठी नेमलेला रखवालदार ससाण्यास चोर समजून मारीत असे, आणि तीच दृष्टी साहेबाबरोबर येथे आली. या कायद्याचा दंड पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंत. पुन्हा सापडल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा पन्नास रुपयांचा दंड कोणावर पडे? बंदुकीचा परवाना असलेल्या साहेबावर किंवा मालगुजारावर तो क्वचितच पडला असेल. जाळे आणि फासे घेऊन हिंडणारा पारधी मात्र सहज हाती सापडे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या कौशल्याचे वर्णन केले आहे. पण सरकारी दफ्तरात त्यांतील कित्येकांची नोंद निराळ्याच सदरात होती. १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा होता, आणि तो रद्द व्हावयास १९५२ चा ऑगस्ट उजाडला. ज्या माणसाची हजेरी जन्मामुळेच चौकीत लागत असे, त्याच्या हातात मेलेला ससाणा सापडला तर न्याय किती बारकाईने तोलला जाणार, हे वाचकांस सांगावयास नको. अपराधास साजेशी शिक्षा हा शब्दप्रयोग आम्ही वापरतो तेव्हा ती शिक्षा प्रत्यक्षात कोणाच्या पाठीवर उतरते तेही पाहिले पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र बदलले. ज्या अकरा राज्यांच्या विधानसभांनी संसदेस असा कायदा करण्याची विनंती केली त्यांत मध्य प्रदेश होता, आणि तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातच होते. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या उदार आहे. गोळी घालणे तर आलेच. विष घालणे, फासे लावणे, अंडी वा घरटी मोडणे हीही शिकारच. शिक्षा क्रमाक्रमाने वाढत गेल्या. पहिल्या परिशिष्टातील जीवांसाठी आरंभी किमान सहा महिने कैद होती. १९९१ साली ती एक वर्ष झाली. २००३ पासून किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कैद आणि शिवाय निदान दहा हजार रुपये दंड आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो दंड निदान पंचवीस हजार झाला. ज्या अपराधास किमान कैद सांगितली आहे तो दंड भरून आपसांत मिटविता येत नाही, ही तरतूद आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

तरीही गिधाडे पुष्कळ वर्षे चौथ्या परिशिष्टात, म्हणजे कनिष्ठ रांगेत, बसून होती. ती विपुल होती म्हणून. गुरांची हाडे पांढरीफटक करून देणारा हा फुकटचा सफाई खाते कधी संपेल असे कोणास वाटले नाही. १९९० नंतर भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ती पटापट मरू लागली, आणि २००४ साली कारण सापडले: डायक्लोफेनॅक. गुरांची सूज व वेदना कमी करणारे हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. पंधरा-सोळा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक याहूनही कमी उरली. मेलेली गुरे कुजत पडली, कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने असा अंदाज केला की गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. श्येनाने राजाला हेच सांगितले होते.

इतका मोठा संहार झाला, आणि त्यात आरोपी एकही नाही. गाय दुखते म्हणून टोचणाऱ्या गोपालकास, वा पशुवैद्यास, शिकारी कोण म्हणेल? हेतू नाही, तेव्हा अपराध नाही. सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश दिला, २००८ मध्ये राजपत्रात अधिसूचना निघाली. मग माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जाऊ लागल्या. त्यांवर २०१५ साली एका मात्रेची मर्यादा आली. किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवरील बंदी २०२३ पर्यंत लांबली. मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध उपलब्ध असताना ही लांबण का लागावी?

हेतुपुरस्सर विष घालण्याची उदाहरणेही आहेत. मार्च २०२२ मध्ये आसामच्या कामरूप जिल्ह्यात छयगावजवळ शंभराच्या घरात गिधाडे मेली. भटक्या कुत्र्यांसाठी विष घातलेल्या शेळीचे मांस त्यांनी खाल्ले होते, असा वनखात्याचा संशय होता. येथे स्कॉटलंडचा कायदा पाहण्यासारखा आहे. तेथे २०१२ पासून रखवालदाराने ससाणा वा गरुड मारला तर जमीनमालकही जबाबदार धरला जातो, आणि आपण योग्य ती काळजी घेतली होती हे मालकानेच सिद्ध करावयाचे असते. २०१४ साली अशी पहिली शिक्षा झाली. नोकर कोर्टात आणि धनी घरात, ही जुनी वहिवाट त्याने मोडली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास घुबडांचा जो चोरटा व्यापार चालतो, त्यात पिंजरा वाहणारा सापडतो; लक्ष्मीच्या नावाने त्याचा बळी देऊ इच्छिणारा गिऱ्हाईक सहसा सापडत नाही. एका रात्रीत श्रीमंत होण्याची ही खटपट करणारा सुशिक्षितही असतो, म्हणून आम्हांस त्याची कीव येत नाही.

याच्या उलट नागालँडचे उदाहरण. २०१२ च्या शरदात दोयांग धरणाच्या परिसरात अमूर ससाण्यांची जाळ्यांनी जी कत्तल झाली तिचा अंदाज लाखाच्या वर होता. पुढच्याच हंगामात ती थांबली. मोठे खटले चालले नाहीत; पांगती व शेजारच्या गावांच्या सभांनी ठराव केले, दंड गावानेच ठरविला, चर्चमधून समजावणी झाली. त्या वर्षी यंत्र बांधून सोडलेल्या एका पक्ष्यास ‘पांगती’ हेच नाव दिले. हे ससाणे नागालँडहून निघून भारतीय द्वीपकल्प ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून आफ्रिकेस जातात.

आमचा कल शिक्षा अधिक कठोर करण्याकडे नाही. सात वर्षांची कैद कागदावर पुरेशी आहे. खटला उभा राहील, पंचनामा नीट होईल आणि मृत पक्ष्याची ओळख पटविणारा साक्षीदार मिळेल, याची शाश्वती तिच्याहून अधिक वचक बसविते. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी दंडाधिकाऱ्याचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की ‘एक पक्षी, जात अज्ञात’ एवढ्या नोंदीवर कोणासही दोषी ठरविता येत नाही. विदर्भातल्या रानांत नोकरी केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. अशी पुस्तके कचेरीच्या कपाटात नसून टेबलावर असावीत.

आता तफावत पाहा. एक गिधाड गोळीने मारणाऱ्यास किमान तीन वर्षे. बंदी असलेले औषध बनविणाऱ्यास वा विकणाऱ्यास १९४० च्या औषध कायद्याखाली कमाल तीन वर्षे व पाच हजार रुपयांपर्यंत दंड. किमान काहीच नाही. पहिल्याने एक पक्षी मारला. दुसऱ्याच्या एका खोक्यातून किती कळप मरतील याची मोजदाद नाही. पहिला वनखात्याच्या हद्दीत येतो, दुसरा औषध निरीक्षकाच्या, आणि या दोन कचेऱ्यांतला पत्रव्यवहार किती वेगाने चालतो हे आम्ही येथे लिहीत नाही. छत्तीसगडात बिलासपूरकडे औरापानीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. ही गिधाडे अन्नासाठी कोसच्या कोस उडतात, तेव्हा त्यांचे जगणेमरणे दूरदूरच्या गावांतील गोठ्यांत, आणि त्या गावांच्या बाजारातील औषधांच्या दुकानांत कोणती कुपी विकली जाते त्यावर ठरते.